दोन वाव पाणी

रिळाचा रॉड गळ पार पल्याडच्या डोहात फेकतो. माझी काठी जेमतेम दोन वाव पाणी गाठते आणि मला तीच हवी. ती वांगणीला ओळखीच्या घराच्या वळचणीला असते. तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगा, शिशाचा मणी आणि गळ वर्तकनगरहून निघताना शर्टाच्या खिशात मावतात. ठाण्याहून कर्जत लोकल पकडायची की झालं.

लांब फेकता येत नाही, म्हणून काठालगतचं पाणी नीट बघावं लागतं. उंबराची फळं कुठे टपकतात, खडकाला वळसा घालून धार कुठे मंदावते, तिथेच मासा काठाला येतो. इथे उल्हास नदी भर मे महिन्यातही वाहती असते. १९२२ पासून चालू असलेल्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी पेज नदीतून तिला मिळतं.

गांडूळ लावलं की सगळं लक्ष तरंग्यावर. चिलापी टोचत राहते. घाई केली की गळ रिकामा. रोहू ओढण्याआधी तरंगा किंचित उचलला जाऊन आडवा होतो. शिंगटी सरळ खाली नेते. तरंगा चालल्यासारखा बाजूला सरकला तर खेकडा समजावा. शिंगटी सोडवताना घाई नको. पाठीचा आणि दोन्ही बाजूंचे काटे ती ताठ करून अडकवते. बोटं त्या काट्यांच्या मागे धरली तरच हात वाचतो, नाहीतर ठणका बराच वेळ जात नाही.

पावसाळ्यात लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर हलताना दिसला, तर खाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथे बेडूक लावून गळ सोडला की मरळ झडप घालतेच, पण भुकेपोटी नव्हे, पिलांसाठी. आईबाप गेले की पिलं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात. अशा जागी मी गळ टाकत नाही, दुसरा कुणी टाकत असेल तर जाऊन सांगतो. बहुतेक जण ऐकतात.

खाली मोहने-आंबिवलीकडे उन्हाळ्यात जलपर्णी इतकी दाटते की तरंगा ठेवायला पाणी सापडत नाही. ठाण्याला पाणी देणारी ‘स्टेम’ कंपनी शहाडला याच नदीतून पाणी उचलते. दरवर्षी जलपर्णी काढण्यावर खर्च होतो. ती ज्या सांडपाण्यावर पोसते, ते नदीत सोडणं मात्र अजून थांबलेलं नाही. आधी ते थांबवायला हवं.