रक्तबिंदूचे अभ्यासक

पावसाळा सरत आला, की वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याच्या काळ्या शेतांत कपाशी डोलू लागते, आणि त्याच सुमारास साचलेल्या पाण्याच्या डबक्यांत डासही माजतात. अशा दिवसांत एखाद्यास हुडहुडी भरून ताप आला, तर आरोग्यसेवक त्याच्या बोटास सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो. त्या थेंबात हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. ही गोष्ट आता इतकी नित्याची झाली आहे, की तीत कोणास नवल वाटत नाही. परंतु हा थेंब वाचावयास मनुष्य कसा शिकला, हा इतिहास मोठा मनोवेधक आहे. त्यातील एक पान मुंबईस लिहिले गेले. ते लिहिणाऱ्या वैद्याचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर.

कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडात एका चित्रकाराच्या घरी झाला. पित्याकडून त्यांना रेषेवरील प्रभुत्व लाभले. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात असताना हेन्री ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्रावरील ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली. १८५८ साली निघालेल्या त्या ग्रंथात ३६३ आकृती होत्या. तो ग्रंथ जगभर गाजला. पण गाजला तो ग्रे यांच्या नावाने. कार्टर यांच्या वाट्यास एकरकमी दीडशे पौंड आले. त्या पैशांतून त्यांनी सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि त्याच वर्षी ते मुंबईस येऊन दाखल झाले.

पुढील तीस वर्षे हा देशच त्यांचे कार्यक्षेत्र झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काढली. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायास जडणाऱ्या ‘मदुरापाद’ नामक व्याधीचे मूळ बुरशीत आहे, हे त्यांनी दाखविले. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी तर ते नॉर्वेपर्यंत जाऊन आले.

१८७६ साली दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. अन्नासाठी दाही दिशा हिंडणारी हजारो माणसे मुंबईच्या वाटेस लागली. त्यांच्यामागून १८७७ साली एक विचित्र ताप शहरात शिरला. तो काही दिवस राही, उतरे आणि रोगी बरा झाला असे वाटत असतानाच पुन्हा उलटे. कार्टर यांनी अशा रोग्यांचे रक्त तपासले. त्यात मळसूत्राप्रमाणे वळलेले जंतू वळवळताना दिसले. बर्लिनमध्ये असे जंतू पूर्वीच पाहण्यात आले होते. आता ते हिंदुस्थानातही आढळले.

परंतु नुसते जंतू दिसले म्हणजे तेच रोगाचे कारण, असे ठरत नाही. त्यासाठी पुरावा हवा. कार्टर यांनी रोग्याचे रक्त माकडांना टोचले. माकडांना ताप भरला आणि त्यांच्या रक्तातही तेच जंतू प्रकट झाले. या कामात खुद्द कार्टर यांनाही त्या तापाने गाठले. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. हा ताप अंगावरील उवांमुळे पसरतो, हे पुढे १९०७ साली नाशिक येथील साथीत मॅकी नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले.

१८८० साली अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांना हिवतापाच्या रोग्यांच्या रक्तात सजीव परोपजीवी दिसले होते. पुष्कळ विद्वानांना ते खरे वाटेना. तांबड्या पेशीच विकृत झाल्या असाव्यात, असे ते म्हणत. कार्टर वादात पडले नाहीत. १८८७ साली त्यांनी मुंबईच्या रोग्यांचे रक्त स्वतः पाहिले, आणि लाव्हरां यांनी पाहिलेले जंतू हिंदुस्थानातील रक्तातही आहेत, असे नमूद केले. ही नोंद करणारे ते या देशातील अगदी पहिल्यांपैकी होत. त्याच सुमारास उंदराच्या रक्तातही त्यांना एक अतिसूक्ष्म, वळणदार जंतू सापडला. त्या जंतूच्या शास्त्रीय नावापुढे आजही कार्टर यांचे नाव लिहिले जाते.

माणसाच्या अंगात हा जंतू शिरतो तरी कसा, हे कोडे मात्र सुटले नव्हते. १८८८ साली कार्टर निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि ४ मे १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी, २० ऑगस्ट रोजी, सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. पुढल्या वर्षी कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग आरंभिले. आजारी पक्ष्यांचे रक्त प्यालेल्या डासांच्या लाळग्रंथींत ते जंतू पोहोचतात आणि त्या डासांनी दंश केला की निरोगी चिमण्याही आजारी पडतात, हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शास्त्राची इमारत एका हाताने उभी राहत नाही. कोणी कळस चढवितो, कोणी पाया भरतो. कार्टर यांच्या वाट्यास कळस आला नाही. पण जे दिसले तेवढेच सांगावे, आणि सांगण्यापूर्वी स्वतः पाहावे, हा त्यांचा बाणा होता. चित्रकाराच्या पोटी जन्मलेल्या या वैद्याने कागदावर जशी रेघ चुकू दिली नाही, तशीच काचेवरच्या थेंबाविषयीही चुकू दिली नाही. आणि मानवाच्या या ज्ञानासाठी मुंबईच्या माकडांनी व कलकत्त्याच्या चिमण्यांनी जे सोसले, त्याचे ऋणही विसरता कामा नये. त्या मुक्या जीवांची नावे कोणत्याही ग्रंथात सापडत नाहीत. परंतु हिवतापातून उठलेल्या प्रत्येक माणसाच्या आयुष्यात त्यांचाही वाटा आहे.