डोंगर नसलेल्या गावातली माउंटन बाइक

"सोलापुरात डोंगर कुठे आहे?"

दोन वर्षांपूर्वी जाड टायरची पहिली सायकल आमच्या दारात उभी राहिली, तेव्हा अम्मींनी विचारलेला हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न किमतीचा होता. तो आम्ही दोघांनी हसून टाळला.

पहिला प्रश्न मात्र टाळण्यासारखा नव्हता. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असले, तरी आहे सपाट. डोंगर म्हणावा असा तुळजापूरचा घाट, म्हणजे बालाघाटाची कड. तो इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. मधे सगळा माळ. कुठे काळी माती, कुठे लालसर मुरूम, कोरडे ओढे, ज्वारीची राने आणि बाभळी. पण या सायकलीला डोंगरच लागतो असे नाही, हे आम्हाला नंतर कळले. तिला कच्चा रस्ता लागतो, आणि त्याची सोलापुरात कधीच टंचाई नव्हती!

तशी सायकल आमच्या घराला नवी नाही. अब्बा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. पहिल्या पाळीचा भोंगा वाजायच्या आत काळी सायकल, कॅरिअरला डबा आणि हँडलला पिशवी अडकवून ते निघत. त्या काळी सकाळी गिरण्यांकडे जाणारे रस्ते सायकलींनी भरून जात. मग एकेक गिरणी बंद पडली, भोंगे थांबले, दारोदारच्या सायकली भंगारात गेल्या आणि त्यांच्या जागी मोटारसायकली आल्या. अब्बांची सायकलही गेली. चालणे कमी झाले, बसणे वाढले, आणि एके दिवशी आमच्यापैकी एकाच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्याच. पण रोज घामही काढा.

घाम काढायला आम्ही आधी एका ग्रुपबरोबर गेलो. तुळजापूर रस्त्यावर सात-आठ किलोमीटर गेल्यावर बाभळीचा काटा लागून टायर बसला. हाका मारल्या, पण पुढची मंडळी केव्हाच दिसेनाशी झाली होती. शेजारून ट्रक गेला की सायकलसकट अंग हलत होते. आम्ही दोघे तासभर सायकल ढकलत आलो. तो ग्रुप वाईट माणसांचा नव्हता. त्यांना वेग हवा होता आणि आम्हाला सोबत. दोन्ही एका वेळी मिळत नाहीत, एवढाच त्या दिवसाचा धडा. तरी त्यानंतर सायकली तीन महिने जिन्याखाली पडून होत्या.

त्या बाहेर काढल्या आमच्या मोठ्या मुलीने. तेव्हा ती अकरावीत होती. कॉलेजमधल्या मैत्रिणीकडून तिला दुसऱ्या एका क्लबची माहिती मिळाली. रविवारी चार हुतात्मा पुतळ्यापाशी जमायचे, माळावरच्या वाटांनी फिरायचे आणि नऊच्या आत घरी. थंडीत फज्रची जमाअत आटोपून आरामात पोहोचता येते. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ही चार नावे आपण सोलापूरकर एका श्वासात घेतो. त्यांच्यापाशी जमणारा घोळकाही तसाच मिसळलेला निघाला. त्यात यंत्रमागाचे कारखानदार होते, शिक्षिका होत्या, बँकेतले कारकून होते आणि कॉलेजची मुले होती.

पहिल्याच दिवशी एकाने मोठ्याने विचारले, "आज शेपूट कोण?" आम्हाला हसू आले. मग कळले की हे या क्लबमधले सर्वांत जबाबदारीचे काम आहे. शेपूट म्हणजे सर्वांत मागे राहणारा अनुभवी सायकलस्वार. त्याच्या मागे कोणी राहायचे नाही. कोणाचा टायर बसला की शेपूट थांबते. पुढचे लोक प्रत्येक वळणावर थांबतात आणि शेपूट दिसल्याशिवाय हलत नाहीत. म्हणजे अख्ख्या घोळक्याचा वेग ठरतो तो सर्वांत हळू चालणाऱ्या माणसावर. त्या दिवशी तो माणूस आमच्यातच होता. कोणी तसे जाणवू दिले नाही.

आमची पहिली फेरी हिप्परग्याच्या तलावाची. कागदोपत्री हा एकरुख तलाव. अदिला नदीवर मातीचा लांबलचक बांध घालून इंग्रजांच्या काळात, 1871 साली, तो पुरा झाला. आपण सगळे तुळजापूरला जाता-येता बसच्या खिडकीतून हे पाणी पाहतो. पण डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या वाटेने काठाला जाणे वेगळे. ऊन वर आले नव्हते, पाण्यावर धुके होते, आणि हिवाळ्यात येणारी बदके आमची चाहूल लागताच थोडी आत सरकली. चाळीस वर्षे सोलापुरात राहून आम्ही हे पाहिले नव्हते.

तिथेच या सायकलीचे शिक्षण सुरू झाले. मुरमावर जाताना टायरमधली हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे चाक जमीन धरते. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा; चढावर जोर लावून बदलला तर साखळी कुरकुरते. उतारावर बसायचे नाही, पेडलवर उभे राहून गुडघे सैल सोडायचे. आणि दगड चुकवायचा तर दगडाकडे बघायचे नाही, वाटेकडे बघायचे. कारण नजर जाते तिकडेच चाक जाते. काळ्या मातीचा नियम तर शेतकऱ्याला विचारावा. पाऊस झाला की त्या वाटेला जायचे नाही. चिखल चाकात असा भरतो की सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. बाकी खरे शत्रू दोनच, बाभळीचा काटा आणि सराटा. दोन्हींना आपल्याकडे दुष्काळ माहीत नाही. त्यामुळे जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान प्रत्येकाच्या पाठीवर असतेच.

पुढे बार्शी रस्त्याने नान्नजकडेही गेलो. वीसेक किलोमीटर. तिथल्या गवताळ माळामुळे 1979 साली माळढोक पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. राखीव कुरणात सायकल न्यायची नसते आणि न्यावीशी वाटूही नये. आम्ही रस्त्याच्या कडेनेच पाहिले. काळवीट दिसले, माळढोक नाही. तो वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. शेते वाढली, तारा वाढल्या आणि तो नाहीसा होत गेला. आमचा धाकटा विचारत होता, "पण पाटीवर तर त्याचंच चित्र आहे ना?" या प्रश्नावर कोणी काही बोलले नाही.

वर्ष असे गेले. रक्तातली साखर आटोक्यात आली, अल्हम्दुलिल्लाह. लग्नानंतर जिने सायकलला हात लावला नव्हता, ती आता साडेतीन तास सायकल चालवू लागली. गल्लीत चार दिवस कुजबुज झाली, मग तीही थांबली. आता दोन शेजारणी 'हेल्मेट कुठून घेतलं?' असे विचारून गेल्या आहेत.

मग मुलीने स्पर्धेचे नाव काढले.

क्लबचीच छोटी स्पर्धा होती. शहराबाहेरच्या एका पडीक माळावर, मालकाच्या परवानगीने. पाच किलोमीटरचा फेरा, तीन वेळा. मुलींची वेगळी शर्यत. कशाला हवी स्पर्धा, असे आम्ही म्हणालो. फिरतोय ते पुरेसे नाही का? तिने तयारी केली होती. तिने सांगितले, 1970 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर काही तरुण जुन्या, जड सायकली दुरुस्त करून उतारांवर पळवायचे. 1976 साली त्यांनी शर्यत लावली आणि हा खेळ वाढत गेला. 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये तो आला तेव्हा पहिल्या दिवसापासून पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी आला. "आणि कपड्यांचं म्हणाल, तर मी रविवारी जे घालते तेच घालणार. पूर्ण बाह्या, पायजमा, हेल्मेटखाली स्कार्फ."

कपड्यांचा प्रश्न नव्हताच. आमची अडचण वेगळी होती आणि ती आम्हाला नीट सांगता येत नव्हती. रविवारच्या फेरीत ती आमच्या नजरेसमोर असते. तिच्या मागे शेपूट असते. शर्यतीत शेपूट नसते. तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही, आणि ते बरोबरच असते.

निकाल अम्मींनी दिला. त्या कोपऱ्यात बसून शेंगा निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयशा (रजि.) यांनी एकदा धावण्याची शर्यत लावली होती. त्यात हजरत आयशा (रजि.) जिंकल्या. पुढे पुन्हा लावली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि हसून म्हणाले की आता फिटंफाट झाली. ही गोष्ट मी तुम्हाला लहानपणी सांगितली होती. विसरलात?" आम्ही विसरलो नव्हतो. फक्त ती आपल्या घराला लागू करून पाहिली नव्हती. निघताना अम्मींनी दुआ पढून नातीच्या हेल्मेटवर फुंकर घातली आणि म्हणाल्या, "संभालके जाव."

शर्यत सुरू झाली आणि दोन मिनिटांत नऊही मुली बाभळीच्या रांगेमागे गेल्या. पुढे एक ओढा, त्यापलीकडे टेकाड, आणि मग काहीच दिसत नव्हते. फक्त धूळ. आम्ही दोघे दोरीपाशी उभे. एवढी मोठी झालेली मुलगी अशी पूर्ण नजरेआड, आपल्याला हाकही ऐकू जाणार नाही अशा जागी, याआधी कधी गेली होती? शाळेची रिक्षा, क्लासची गाडी, कॉलेजचा फोन, कायम काही ना काही दोरी आमच्या हातात होती. पहिल्या फेऱ्यात ती आठवी आली. दुसऱ्या फेऱ्यात बराच उशीर झाला. आमच्यापैकी एकाने दोरीखालून वाकून आत जायला पाऊल टाकले, तेव्हा दुसऱ्याने हात धरला. मग ती दिसली. धुळीने लाल झालेली, कोपराला काहीतरी काळे लागलेले. आमच्याकडे न बघता तशीच पुढे गेली.

ती सहावी आली. सायकल आडवी टाकून पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "दुसऱ्या फेरीत ओढ्यात पडले होते. बरं झालं तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही मला थांबवलं असतं."

खरे होते. आम्ही थांबवलेच असते.

या महिन्यात क्लबबरोबर नळदुर्गला जाऊन आलो. हैदराबाद रस्त्याने बोरामणी, तांदुळवाडी, इटकळ, अणदूर असे करत सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. येताना सायकली टेम्पोत घालायच्या असल्याने चिंता नव्हती. बोरी नदीच्या वळणावरचा हा किल्ला प्रसिद्ध आहे तो त्याच्या पाणी महालासाठी. दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या काळात, 1613 साली, नदीवर दगडी धरण बांधले आणि धरणाच्या पोटातच महाल ठेवला. पावसाळ्यात धरण भरले की पाणी महालावरून खाली झेपावते आणि आत बसलेला माणूस कोरडा राहून ते समोर पाहतो. नर आणि मादी धबधबे म्हणतात ते हेच. आम्ही गेलो तेव्हा धार बारीक होती. तरी चारशे वर्षांपूर्वीच्या त्या खिडकीत बसून पाणी ऐकण्यात थकवा गेला. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि खजूर असा डबा तिथेच उघडला.

जाताना अणदूरच्या पुढे मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी चढावर आमच्या पुढे निघून गेल्या. थोड्या वेळाने दिसेनाशा झाल्या. आम्ही फोन काढला नाही. पाठीमागे शेपूट होते, ते आमच्यासाठी. आम्ही आमच्या वेगाने पोहोचलो तेव्हा त्या किल्ल्याच्या दारात सावलीत बसल्या होत्या आणि आमच्यासाठी चहा सांगून ठेवला होता.

वाचकांपैकी कोणाला सुरुवात करायची असेल, तर महागड्या सायकलीची वाट पाहू नका. चांगल्या अवस्थेतली जुनीही चालते. पैसे आधी हेल्मेटवर खर्च करा. ओढणी आणि सलवारीचा पायचा साखळीत अडकणार नाही असे घट्ट बांधा. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून निघा आणि खिशात खजूर ठेवा. आणि कोणत्याही क्लबमध्ये जाल, तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, "तुमचं शेपूट कोण?" उत्तर मिळाले तर बिनधास्त सामील व्हा.

पुढच्या रविवारी हिप्परगा आहे. तीन नवी कुटुंबे येणार आहेत. शेपटाचे काम मुलीने मागून घेतले आहे.