बागेचा रोजमेळ

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा तेथील एका आडत व्यापाऱ्याच्या अंगणातील हिरवळ अजून टवटवीत होती. जागा अवघी २० चौरस मीटर. परंतु कडक उन्हात रोज ५ मिलिमीटर पाणी म्हटले, तरी १०० लिटर होतात. दुकानाचा रोजमेळ पैशापर्यंत जुळविणाऱ्या या गृहस्थाने हा खर्च कधी मांडलाच नव्हता.

एके सकाळी टँकरचे पाणी गाळून झाल्यावर मातोश्रींनी विचारले, "अरे, ही जिवाणी कोणत्या विहिरीत सोडायची?" घरची विहीर आटलेली, टँकर कोठे भरला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला उत्तर सुचले नाही. जिवाणीसुद्धा परत करता येत नाही असे पाणी गवतावर ओतणे त्याला त्या दिवसापासून जड झाले.

हिरवळ वाळली. तीही जीवच, वाळताना पाहणे मातोश्रींना सोसवले नाही.

पावसाळ्यात त्या जागी सदाफुली, अडुळसा, बोगनवेल आली. कण्हेर विषारी, म्हणून नातवंडांपासून दूर, कुंपणाशी लावली. कोरफडही रुजली, अनंतकाय असल्याने ती स्वयंपाकघरात मात्र गेली नाही. एकदा मुळे धरल्यावर या झाडांनी फारसे पाणी मागितले नाही.

मोगरा तेवढा तहानलेला. तो मातोश्रींच्या हट्टाने राहिला. भाजी धुतलेले पाणी सूर्यास्तापूर्वी त्याच्या मुळाशी जाते. रोजमेळाच्या शेवटच्या पानावर आता त्याचे खाते आहे : मोगरा, नावे २ लिटर.