पळणाऱ्या पायांना एका जागी उभं करताना

"इतकं पळतेस ना, मग आता योगासनं कशाला?" हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं, एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकावं. विचारणाऱ्यांत निम्मे नातेवाईक आणि निम्मे पळणारे मित्र. दोघांची काळजी वेगवेगळी, उत्तर मात्र एकच आहे.

थोडी पार्श्वभूमी. मी पुण्यात राहते, वय वर्षं सेहेचाळीस, आणि गेली आठ-नऊ वर्षं पळते. वेग बेताचाच. हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, अडीच तासांच्या आसपास. आमच्या घराण्यात गुडघे हा वारसाहक्काने येणारा विषय! बाबांचे दोन्ही बदलून झाले, आत्याचा एक झालाय आणि दुसरा रांगेत आहे. त्यामुळे घरातली मंडळी माझ्याशी बोलताना अर्धा वेळ माझ्या गुडघ्यांकडेच बघत असतात. हौसेपुरतं पळणाऱ्यांचे गुडघे बैठ्या लोकांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासांत दिसत नाही, उलटच दिसतं, हे मी आत्याला अनेकदा सांगितलंय. ती "बरं" म्हणते आणि विषय बदलते.

तर, २०२२ च्या पावसाळ्यात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. चढावर काही नाही, उतारावर मात्र कळ यायची. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन ज्यांनी केलीय त्यांना याचा अर्थ कळेल. यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा. चढताना दम लागतो, पण मांड्यांचा खरा हिशोब उतारावर होतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावत असतो आणि ते काम त्याला फार जड जातं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरणारा माणूस दिसला की खुशाल समजा, हा साताऱ्याहून आलाय :-)

फिजिओथेरपिस्टने मला एका पायावर उभं राहून अर्धवट खाली बसायला सांगितलं. मी वाकले आणि डावीकडची कंबर खाली कलली. ती म्हणाली, "गुडघ्यावर राग काढू नका, तो बिचारा मधला माणूस आहे. उजव्या खुब्याचे स्नायू कमी पडतायत." खुब्याचे व्यायाम दिले, पळणं कमी करायला सांगितलं आणि जोडीला योगासनं सुचवली.

पुण्यात योगवर्ग शोधायला फार लांब जावं लागत नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली इथे शिकवायला आले आणि त्यांच्या पद्धतीतले पट्टे, विटा, लोड आज गल्लोगल्ली पोचलेत. आमच्या वर्गाच्या बाई सत्तरीच्या आहेत. जमिनीवरून उठताना हात टेकत नाहीत. मी एकवीस किलोमीटर पळत असले तरी लग्नाच्या पंगतीत मठ्ठा येईपर्यंत मांडी घालून बसणं मला कठीण जायचं. पळणाऱ्याचं शरीर वर्षानुवर्षं एकाच दिशेने, पुढे, हलत असतं. बाजूला, मागे, पीळ देऊन असं काही असतं याची त्याला सवयच राहत नाही.

पहिल्या महिन्यात बाईंनी मला जवळजवळ फक्त उभं केलं. ताडासन, वृक्षासन, वीरभद्रासन. वृक्षासनात उजव्या पायावर मी पंधरा सेकंद राहिले असेन, घोटा नुसता थरथरत होता. मग विचार केला तेव्हा लक्षात आलं की पळताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात. पळणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर मारलेल्या उड्या. हाफ मॅरेथॉनमध्ये अशा वीस हजारांच्या वर, आणि प्रत्येक वेळी त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार. एका पायावर उभं राहणं हीच पळण्याची बाराखडी म्हणायची की!

इथे पळणाऱ्या मित्रांसाठी एक गोष्ट. योगासनांनी मी लवचिक होऊन वेगाने पळायला लागले असं काही झालेलं नाही. टाचेमागची शीर थोडी ताठ असणं पळायला फायद्याचंच असतं, ती स्प्रिंगसारखी ऊर्जा परत देते. पळण्याआधी एखादा स्नायू मिनिटभर ताणून धरला तर त्याची ताकद तात्पुरती कमीही होते. म्हणून पळण्याआधी मी फक्त चार-पाच सूर्यनमस्कार घालते, न थांबता. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्यांचा एवढा प्रसार केला तेच. औंधही सातारा जिल्ह्यातलंच, हा आपला एक योगायोग. ताणून धरायची आसनं, म्हणजे पट्टा घेऊन सुप्त पादांगुष्ठासन, अधोमुख श्वानासन वगैरे, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. लांब पळून आल्यावर फक्त भिंतीला पाय लावून विपरीत करणी आणि शवासन.

मला खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. पळण्याचा सराव म्हणजे बराचसा शरीराकडे दुर्लक्ष करण्याचा सराव. पाय नको म्हणतात, तुम्ही रेटता. ते यावंच लागतं, त्याशिवाय अठरावा किलोमीटर पार होत नाही. बाईंच्या वर्गात बरोबर उलटं. त्या विचारतात, "कुठे ताण आहे? स्नायूच्या मध्यावर की सांध्यात? श्वास अडकलाय का?" मध्यावर असेल तर थांबा तिथेच, सांध्यात असेल तर बाहेर या. आठवड्यातून दोनदा हा प्रश्न ऐकून ऐकून तो आपोआप पडायला लागतो.

२०२४ ला साताऱ्यात उतारावर तो पडला. मांड्या पेटल्या होत्या, ते नेहमीचं, ते रेटायचं. पण पंधराव्या किलोमीटरच्या पुढे गुडघ्याच्या बाहेर बारीकशी कळ आली, ती वेगळी होती. मी चालायला लागले. आजूबाजूचे "कम ऑन ताई, थोडंच राहिलंय!" म्हणत पुढे जात होते. उतार संपेपर्यंत चालले, सपाटीला परत पळाले. तीन तासांना काही मिनिटं कमी, माझी आजवरची सगळ्यात हळू हाफ. पण पुढच्याच आठवड्यात मी टेकडीवर होते. २०२२ ला मला पाच महिने घरी बसावं लागलं होतं.

मला सत्तरीतही पळायचंय. निदान बाईंसारखं हात न टेकता उठायचंय. रेटणं मला पळण्याने शिकवलं, कधी रेटायचं नाही ते वर्गात शिकतेय. आणि आत्या, तू हे वाचशीलच, तर दुसऱ्या गुडघ्याची तारीख घ्यायच्या आधी डॉक्टरांना खुर्चीवरच्या आसनांबद्दल एकदा विचारून बघ. ते हो म्हणाले तर वर्गाला मी तुझ्याबरोबर येते.