टक्केराव

नगर जिल्ह्यात आलात आणि टक्केरावांची गाठ पडली नाही, असं होणार नाही. टपरीपासून धरणाच्या भिंतीपर्यंत सगळीकडे त्यांची ऊठबस. बोलणं ठाम, चेहरा गंभीर आणि सत्यवचनी म्हणून ख्याती मोठी. खोटं ते बोलत नाहीतच, अर्धं बोलतात.

पावसाळ्यात त्यांचा तोरा बघावा. अकोले तालुक्यात 'भंडारदरा शंभर!' म्हणून छाती काढून फिरतात आणि त्याच दिवशी राहुरीत, मुळा धरणावर, पन्नासावर ओशाळून बसतात. आता भंडारदरा अकरा टीएमसीचं, मुळा सव्वीसचं. निम्म्या भरलेल्या मुळा धरणात तेरा टीएमसी पाणी, म्हणजे तुडुंब भंडारदऱ्याहून जास्त. पण हे टक्केराव आपण होऊन सांगणार नाहीत.

भांडण लावण्यातही ते पटाईत. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला, की वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न उभा राहतो. एरवी शेजारच्या तालुक्याची खबर नसलेला माणूसही तेव्हा सकाळी उठून पैठणचा आकडा विचारतो.

१९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून टक्केरावांनी साखर उताऱ्याचं खातं सांभाळलंय. इथे ते दशांशात बोलतात आणि कमालीचे चिकट होतात. उतारा १०.२५ म्हणजे टनभर उसातून १०२ किलो ५०० ग्रॅम साखर. २०२५-२६ च्या हंगामात या उताऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, टनाला ३,५५० रुपये. उतारा ०.१ ने वाढला, म्हणजे टनाला किलोभर साखर जास्त निघाली, की ३४ रुपये ६० पैसे वर. शंभर टनांना ३,४६० रुपये झाले! त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, ते वेगळं.

सावकाराच्या ओट्यावर मात्र आवाज एकदम मऊ. 'दोन टक्क्यांनी देतो' म्हणतात. हे दोन टक्के दर महिन्याचे, एवढं सांगायला विसरतात. लाखाला महिन्याला दोन हजार, वर्षाला चोवीस हजार. बँकेत हेच टक्केराव वर्षाचे बारा सांगतात, तर लोक म्हणतात, बँक महाग.

सणासुदीला त्यांचा मुक्काम कापडाच्या दुकानाबाहेर. पाटीवर '५० टक्के, वर आणखी २० टक्के सूट'. गिऱ्हाईक बेरीज करून सत्तर धरतं. हजाराच्या साडीचे आधी पाचशे झाले, मग त्या पाचशेवर वीस टक्के, म्हणजे शंभर सुटले. उरले चारशे. सूट साठ टक्केच. टक्केराव पाटीवर हसत उभे.

कांद्याच्या बाजारात ते दोघांना दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही खऱ्या निघतात. केंद्रानं मे २०२४ मध्ये लावलेलं ४० टक्के निर्यात शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आलं. एक म्हणाला, वीसनं उतरलं. दुसरा म्हणाला, पन्नास टक्के उतरलं. पहिल्यानं आकडे वजा केले, दुसऱ्यानं चाळिसातला निम्मा भाग मोजला. १ एप्रिल २०२५ ला शुल्कच गेलं, तेव्हा कुठे वाद मिटला.

एवढं सगळं असलं तरी माणूस वाईट नाही. चार पोरांचे वेगवेगळ्या गुणांचे पेपर शंभरात आणून त्यांना एका रांगेत बसवावं ते टक्केरावांनीच. आणि अडल्याला मदतही करतात. २५ चे १६ टक्के सुचत नाहीत? उलटं करा, १६ चे २५ टक्के काढा. पाव भाग, चार. उत्तर तेच.

तेव्हा भेटले की रामराम घाला, चहा पाजा, पण दोन प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नका: 'कशाचे?' आणि 'किती दिवसांचे?' दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत कुठेही सही करायची नाही.