इंजिन गरम झालंय!

आमच्या घरात माणसं चार आणि गाडी एक. गाडी म्हणजे १९८५ची येझदी रोडकिंग. २५० सीसी, टू स्ट्रोक, काळी कुळकुळीत. टाकीवर मी, मग बाबा, त्यांच्यामागे सॅण्डविच झालेली ताई आणि शेवटी एका बाजूला पाय सोडून आई, मांडीवर दशम्यांचा डबा. आज असे चौघं दिसलो तर पोलीसमामा पहिल्याच सिग्नलला पावती फाडतील, आणि बरोबरच करतील. पण १९९५ साली अर्धं मध्यमवर्गीय पुणं असंच फिरायचं.

आमचा ठरलेला रूट होता पुणे-वाई-पाचगणी. महिन्यातून एक रविवार. पहाटे साडेपाचला बाबा पेट्रोलमध्ये मापानं ऑइल ओतायचे, टाकी हलवून घ्यायचे आणि मग किक. येझदीची गंमत माहितेय? तिला वेगळी किक नसते. डावीकडचा गिअरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघायचा, आख्खी सोसायटी जागी व्हायची आणि बाबा शेजाऱ्यांकडे बघून ओशाळं हसायचे.

ताशी ४०च्या वर काटा जायचा नाही. आणि थांबे किती! कात्रजचा बोगदा ओलांडला की एक. खंबाटकीच्या पायथ्याला दुसरा. आणि वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलो, की अर्ध्यावरच्या एका वळणावर तिसरा, सगळ्यात मोठा. कारण प्रत्येक वेळी एकच. बाबा गाडी कडेला घ्यायचे, वाकून इंजिनकडे बघायचे आणि डॉक्टरसारखा चेहरा करून सांगायचे, ‘इंजिन गरम झालंय. दहा मिनिटं.’

मग थर्मास निघायचा. खाली कृष्णेचं खोरं, धोम धरणाचं चमकणारं पाणी. बाबा सांगायचे, ‘हे पायथ्याचं पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव बरं का.’ मला आणि ताईला तेव्हा शाहिरांपेक्षा वरच्या पाचगणीत आणि तिथल्या टेबललॅण्डवरच्या घोड्यांत इंटरेस्ट. आम्ही वैतागायचो. शाळेतल्या मित्रांच्या बाबांच्या गाड्या नॉनस्टॉप जातात आणि आमची ही म्हातारी दर तासाला दमते!

मोठी झाल्यावर मला बाबांबद्दल आणखी एक गोष्ट खटकायला लागली. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लडाखचा नकाशा चिकटवलेला होता. मनाली ते लेह पेन्सिलनं रेघ मारलेली. त्यांचे दोन दोस्त नव्वदच्या दशकात बाइकवर जाऊन आले, फोटो दाखवून गेले. बाबा गेले नाहीत. मी मनाशी हिशेब मांडून टाकला होता. आपल्या फिया, ताईचे क्लासेस, आईची काळजी, यातच बिचाऱ्याचं लडाख राहिलं. चाकावर जीव असलेल्या माणसाला आपण वाईच्या पुढे जाऊ दिलं नाही.

तरी येझदी चालवायला त्यांनी मला शिकवलीच. सतराव्या वर्षी लर्निंग लायसन्स हातात नसताना सोसायटीच्या आवारात नुसती किक मारायची प्रॅक्टिस, अठरा पूर्ण झाल्यावर रस्त्यावर. ‘दोनही मुलीच, मग ही गाडी पुढे चालवणार कोण?’ असं विचारणाऱ्या एका काकांना त्यांनी उत्तर दिलं नाही, मला फक्त म्हणाले, ‘काकांना स्टॅण्डवर सोडून ये.’ काका पूर्ण रस्ता माझ्या मागे मुठी आवळून बसले होते.

पण मग नोकरी लागली. हिंजवडी, कॅब, डेडलाइन्स. तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाबा शुक्रवारी रात्री सहज विचारायचे, ‘रविवारी वाई?’ मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणायचे, ‘सोमवारी रिलीज आहे बाबा, पुढच्या वेळी नक्की.’ ते ‘बरं’ म्हणायचे. कधीच रागावले नाहीत, हेच आता जास्त टोचतं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ते गेले. पार्किंगमध्ये कव्हर घातलेली येझदी तशीच उभी.

बाबा गेल्यावर सहा महिन्यांत तिला गिऱ्हाइकं यायला लागली. कारण साधं आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनायची, १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडला. मग २०१८ला जावा आणि २०२२ला येझदी हे ब्रॅण्ड नव्या कंपनीनं नव्या गाड्यांवर परत आणले, पण त्या फोर स्ट्रोक. निळा धूर सोडणारी जुनी ओरिजिनल हवी, असे हौशी लोक शोधत येतात. कोल्हापूरचे एक गृहस्थ तर रोख रक्कम घेऊनच दारात. मी आईला म्हटलं, ‘देऊन टाकूया. नुसती उभी राहून गंजेल.’

आई म्हणाली, ‘देऊया. पण आधी मला एकदा तिच्यावरून वाईला ने.’

आई बासष्ट वर्षांची. वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही निघालो. मेकॅनिकनं कार्ब्युरेटर साफ केला, केबल्स बदलल्या, मी बाबांच्याच मापानं ऑइल ओतलं. आईनं पंजाबी ड्रेस घातला, अंबाडा सोडून वेणी घातली आणि हेल्मेट चढवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती येझदीवर दोन्हीकडे पाय टाकून बसली. ‘हे बरं आहे गं,’ म्हणाली. सहाव्या किकला गाडी सुरू. तोच धूर, तोच आवाज. चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि मीही शेजाऱ्यांकडे बघून ओशाळं हसले.

हायवेला बाजूनं कंटेनर जाताना पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू. मी सर्व्हिस रोड मिळेल तिथे सर्व्हिस रोड धरला. खंबाटकी घाट चढून उतरलो आणि सुरूर फाट्याला उजवीकडे वळलो, की एकदम सगळं शांत. उसाची शेतं, वडाची झाडं. वाईत ढोल्या गणपतीला हात जोडले. १७६२मध्ये रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ. मागच्या बाजूला भिंतीचा आकार माशासारखा निमुळता आहे, म्हणजे कृष्णेला पूर आला तरी पाणी दोन्हीकडून वाहून जातं. बाबा दर वेळी आम्हाला मागे नेऊन ते दाखवायचे. या वेळी मी आईला दाखवलं. ती म्हणाली, ‘मला माहितेय.’

मग तीनेक किलोमीटरवरचं मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेवरचा घाट आणि तिथल्या छोट्या देवळातली ती प्रचंड घंटा, १७३९च्या वसईच्या विजयानंतर चर्चमधून आलेली. ‘स्वदेस’ (२००४) पाहिला असेल, तर हा घाट तुम्ही पाहिलेलाच आहे. आई पायरीवर बसली, पाण्यात पाय सोडले. मी फोन काढला नाही. खरंच.

आणि मग पसरणी. वाई ते पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण एवढ्यात तुम्ही ५००-६०० मीटर वर चढता. सेकंड गिअर, फर्स्ट, परत सेकंड. येझदी न कुरकुरता चढत होती. ते वळण आलं. मी एक्झॉस्टचा आवाज ऐकला, पायाला इंजिनची धग किती लागतेय ते पाहिलं. सगळं ठीक. थांबायची गरज नव्हती. मी वळण घेणार, तेवढ्यात खांद्यावर थाप पडली.

‘थांब गं जरा.’

‘इंजिन ठीक आहे, आई.’

‘इंजिन तेव्हाही ठीकच असायचं.’

मी गाडी कडेला घेतली. आईनं हेल्मेट काढलं आणि हसायलाच लागली. ‘मला घाटात भीती वाटायची. एका बाजूला बसलेली, तोंड दरीकडे, पायाखाली काही नाही. पहिल्यांदा आलो ना, लग्नानंतर, तेव्हा इथेच माझा हात यांच्या खांद्यावर थरथरायला लागला. यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, इंजिन गरम झालंय. नंतर तुम्ही झालात, पण थांबा तोच. आई घाबरते, हे तुम्हाला कधी कळू दिलं नाही.’

मग मी विचारलंच. ‘आणि लडाख?’

‘मी किती वेळा म्हटलं, जाऊन या. म्हणायचे, एकटा बघून काय करू? बघ ते, असं म्हणायला मागे कोणीतरी नको का?’

मी बराच वेळ कठड्याशी उभी होते. तीस वर्षं जिला मी दमेकरी गाडी म्हणत होते, ती कधी दमलीच नव्हती. आणि ज्याच्या आड आपण आलो असं वाटत होतं, त्या माणसाला जिथे जायचं होतं तिथे तो महिन्यातून एकदा जात होता.

पाचगणीत स्ट्रॉबेरी घेतल्या, ताईला व्हिडिओ कॉल केला, ती तिकडे ऑफिसमध्ये बसून रडली. उतरताना बाबांनी शिकवलेलं आठवलं. टू स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणून उतारावर थ्रॉटल बंद करून नुसतं घरंगळत जायचं नाही. मधूनमधून थोडी मूठ पिळत राहायची. तशी पिळत राहिले. मागून आई सांगत होती, ‘ते बघ धोम. ते बघ वाई.’

सोमवारी कोल्हापूरच्या गृहस्थांना फोन केला. सॉरी म्हटलं, गाडी द्यायची नाही. ते खट्टू झाले. ‘का हो, गाडीत काही प्रॉब्लेम निघाला का?’

‘हो ना,’ मी म्हटलं. ‘घाटात इंजिन गरम होतं.’