मार्गशीर्षातली टर्की

टर्कीला चव नसते हे आधीच कबूल करून टाकतो. लोणी चोळा, लसूण भरा, मी तर कातडीखाली कांदा-लसूण चटणीसुद्धा घालून पाहिली. छातीचं मांस कोरडं ते कोरडंच. तांबडा-पांढरा रस्सा पिऊन वाढलेल्या कोल्हापूरच्या माणसानं या पक्ष्यासाठी जीव टाकावा असं त्यात काही नाही. पण २०१९ साली माझी टर्की दादाच्या घराबाहेर काढली गेली आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बायको म्हणते, एका कोंबडीसाठी किती वर्षं कुढणार? कोंबडीसाठी कोण कुढतंय!

दादा न्यू जर्सीत एडिसनला, मी बॉस्टनच्या बाजूला, ताई टेक्सासमध्ये. परदेशात आलेल्या घरांचं होतं तसंच आमचंही झालं, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. दिवाळी यायची ती बुधवारी नाहीतर मंगळवारी. मुलांना शाळा, आम्हाला ऑफिस. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळायला २०२४ उजाडलं, तोवर आमची मुलं कॉलेजं संपवून मोकळी झाली होती. उलट नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग, सगळ्या देशाला सुट्टी, जोडून बहुतेकांना शुक्रवार, की झाले चार दिवस. मग आम्ही दिवाळीच तिकडे ढकलली. वहिनी चकल्या दिवाळीत तळायची, पण अर्धा डबा चिकटपट्टी लावून बाजूला ठेवायची. ताई आम्हा दोघांना शुक्रवारी सकाळी ओवाळायची. भाऊबीजेची तिथी उलटून कधी पंधरा दिवस झालेले असायचे, कधी महिना. सगळा देश त्या दिवशी पहाटेपासून दुकानांसमोर रांगा लावायचा आणि आमच्याकडे न्हाणीघरासमोर उटण्यासाठी रांग.

या सणात मला सगळ्यात काय आवडत होतं सांगू? यात आम्हाला चुकायला जागाच नव्हती. सोवळं नाही, मुहूर्त नाही, भटजी नाही. अमुक असंच करायचं असतं हे सांगणारं आमच्यात कुणी नव्हतंच, कारण कुणाच्याच आजीनं ते केलेलं नव्हतं. क्रॅनबेरीच्या डब्यातला तो लाल गोळा डब्याच्या रेघांसकट ताटलीत थरथरत उभा करायचा आणि शेजारी बटाट्याची भाजी वाढायची, कुणी हरकत घेत नसे. मॅश्ड पोटॅटोला वहिनी हिंग-मोहरीची फोडणी द्यायची. ते दरवर्षी पहिल्यांदा संपायचं.

टर्की मात्र माझी. का, ते आठवत नाही, पण पहिल्या वर्षापासून माझीच. इथे दोन शब्द सल्ल्याचे देतो, कारण नवीन आलेली मुलं दरवर्षी फोन करून तेच विचारतात. गोठवलेली टर्की आदल्या रात्री बाहेर काढून भागत नाही. दर चार-पाच पौंडांना फ्रिजमध्ये एक दिवस लागतो, म्हणजे सोळा पौंडांची आणलीत तर रविवारीच खाली उतरवा. भाजताना वरच्या रंगावर जाऊ नका, मांडीच्या जाड भागात थर्मामीटर खुपसा, १६५ अंश फॅरनहाइट दिसल्याशिवाय बाहेर काढू नका. आणि आत मसालेभात भरू नका. मी भरला होता. त्यावर जास्त बोलत नाही.

तर २०१९. आई कोल्हापूरहून आलेली होती, सहा महिन्यांसाठी. मी टर्की मीठ, गूळ, मिरी आणि तमालपत्राच्या पाण्यात मुरवून, बर्फाच्या पेटीत घालून, बुधवारच्या त्या भयंकर ट्रॅफिकमधून घेऊन गेलो. साडेचार तासांच्या रस्त्याला सात तास लागले. पेटी स्वयंपाकघरात टेकवली. वहिनीनं चहा ठेवला. मग म्हणाली, "भाऊजी, उद्या मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. मी घट मांडणार आहे. आई घरात आहेत, त्यांना कसं वाटेल? ते तेवढं उद्या घरात नको."

ते तेवढं! नावही घेतलं नाही.

बरं, हे रविवारी सांगता आलं असतं. सोमवारी, मंगळवारीही आलं असतं. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर त्या आठवड्यात पाय अ‍ॅपलचा आणायचा की भोपळ्याचा यावर शंभर मेसेज पडले होते. मी म्हटलं, "मग शुक्रवारी करू." तर दादा म्हणाला, शुक्रवारी आपलं मंडळाच्या लोकांकडे जेवण आहे. शनिवारी ताईचं विमान. दादा हे सगळं फोनकडे बघत बोलत होता. दादा आयुष्यभर असंच बोलत आला आहे.

मी वाद घालत नाही. पण त्या रात्री बेसमेंटमधल्या सोफ्यावर पडल्या पडल्या मी फोनवर जुनी पंचांगं काढून बसलो. २०१७, थँक्सगिव्हिंग २३ नोव्हेंबरला. अमावास्या १८ तारखेला होऊन गेलेली, म्हणजे मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार. २०१४, २७ नोव्हेंबर, अमावास्या २२ ला. पुन्हा पहिला गुरुवार. दोन्ही वर्षी टर्की याच घरात, याच ओव्हनमध्ये भाजली गेली होती. २०१४ चा तर फोटो आहे माझ्याकडे: वहिनीच्या हातात टर्कीची तंगडी आहे आणि ती कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. दर दोन-तीन वर्षांनी चंद्र हे करतोच, त्याला इलाज नाही. पण मग तेव्हाची लक्ष्मी वेगळी होती का? फरक एवढाच की त्या दोन्ही वर्षी आई कोल्हापूरला होती. तो फोटो मी ग्रुपवर टाकायला घेतला होता. बायकोनं फोन काढून घेतला.

रुझवेल्टनं तर १९३९ साली अख्खा थँक्सगिव्हिंगच एक आठवडा अलीकडे ओढला होता, दुकानदारांना नाताळच्या विक्रीला जास्त दिवस मिळावेत म्हणून. जवळजवळ निम्म्या राज्यांनी ऐकलं, जवळजवळ निम्म्यांनी नाही. काही जागी तर दोन्ही गुरुवार पाळले, आणि १९४१ साली काँग्रेसनं कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला तेव्हा कुठे तो घोळ मिटला. देशाचा अध्यक्ष दुकानदारांसाठी गुरुवार हलवू शकतो. आमच्याकडे टर्कीचा शुक्रवार होईना, कारण मंडळाच्या लोकांना शब्द दिलेला.

गुरुवारी सकाळी वारा सुटलेला. टीव्हीवर मेसीच्या परेडमधले ते अवाढव्य फुगे सोडायचे की नाही यावर खल चालला होता. शेवटी सोडले, पण खाली खेचून धरलेले. मागच्या अंगणात ग्रिलवर टर्की भाजायचा माझा बेत होता, तो तिथेच उडाला. राहिले शेजारी. पण थँक्सगिव्हिंगच्या दिवशी अमेरिकेत रिकामा ओव्हन शोधून दाखवा! उजवीकडच्या घरात तो होता, पण ते कुटुंब जैन. त्यांच्या दारात हा प्रश्न घेऊन जायची माझी हिंमत नव्हती. डावीकडे एक इटालियन वंशाच्या वयस्कर बाई राहतात, त्या मुलीकडे जेवायला गेल्या होत्या आणि त्यांच्या मांजराला खायला घालायचं म्हणून किल्ली दादाकडे होती. दादानं फोन केला. बाई म्हणाल्या, अवश्य, फक्त मांजराला कातडी देऊ नका.

अशा रीतीनं थँक्सगिव्हिंगची दुपार मी एका परक्या बाईंच्या घरात, त्यांच्या मांजरासोबत काढली. मांजर ओव्हनसमोर बसून काचेतून आत बघत होतं. मी टीव्हीवर डेट्रॉइट लायन्सची मॅच लावली. ते १९३४ पासून या दिवशी खेळत आले आहेत, आणि त्या दिवशी शिकागोकडून २४–२० हरले. अधूनमधून उठून टर्कीवर चरबी सोडायची आणि परत बसायचं. कुणी आलं नाही. पुतण्या एकदा डोकावला, वास घेतला, "काका, मस्त!" म्हणून गेला. तिकडे दादाच्या घरात ताई, मेव्हणे, मुलं, हशा, सगळं. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

आणि मग आई आली. नऊवारीवर माझं जुनं जॅकेट, पायात नातीचे बूट, वाऱ्यात पदर सांभाळत दोन घरांमधलं गवत तुडवत आली. खुर्चीवर बसली, मांजराकडे पाहिलं, ओव्हनकडे पाहिलं.

"इथं का येऊन बसलायस परक्याच्या घरात?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "मी कधी नको म्हटलं? उपास मला आहे, तुम्हाला कुठे आहे?" मग म्हणाली, आपल्या जुन्या घरी पुढच्या सोप्यात घट मांडलेले असायचे आणि मागच्या परड्यात बाबांचे कुस्तीवाले मित्र चुलीवर मटण शिजवायचे. कुणी आतलं बाहेर नेत नव्हतं, बाहेरचं आत आणत नव्हतं. झालं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! उठलोच मी. म्हटलं, चल, हे तिकडे येऊन सांग. तर तिनं माझा हात धरून खाली बसवला. "वहिनीला यातलं एक अक्षर बोलायचं नाही. तिनं माझ्यासाठी केलंय."

म्हणजे निकाल माझ्या बाजूनं लागला आणि तो वाचून दाखवायची बंदी. संध्याकाळी घटासमोर बसून मी पोथी ऐकली. भद्रश्रवा राजा, सुरतचंद्रिका राणी, दाराशी आलेल्या म्हातारीला राणी हाकलून देते आणि राज्य जातं. वहिनी वाचत होती, मी तिच्याकडे बघत होतो, आई माझ्याकडे. आरती झाली, शिरा खाल्ला. टर्की मुलांनी शेजारच्या घरीच उभ्या उभ्या खाल्ली, कागदी ताटल्यांत, घाईघाईनं. उरलेली शुक्रवारी सकाळी या घरात आली, तेव्हा वहिनीनं तिचं सँडविच खाल्लं आणि म्हणाली, "छान झालीय हो." आता यावर माणसानं काय म्हणायचं?

हे लिहिताना मला माझाच एक प्रकार आठवतो. २०२२ साली सगळे आमच्याकडे जमले, आईही होती, आणि पुन्हा थँक्सगिव्हिंग मार्गशीर्षाच्या पहिल्याच दिवशी पडला. बायको म्हणाली, टर्की कधी करायची? मी म्हटलं, शुक्रवारी. कुणी मागितलेलं नसताना. आईला मीही विचारलं नाही. का, याचं उत्तर माझ्याकडे नाही; बायकोनंही नेमका तोच प्रश्न विचारला होता, जरा वरच्या पट्टीत.

गुरुवार मोकळा मिळाला म्हणून आईला प्लिमथला नेलं. तिथला तो प्रसिद्ध खडक, १६२० कोरलेला, वर देवळासारखा मंडप; आई कठड्यावरून वाकून म्हणाली, एवढासाच? आपल्याकडे असता तर शेंदूर लावून मोकळे झाले असते. वर टेकडीवर माणसं जमली होती, ढोल वाजत होता. मूळनिवासी लोक १९७० पासून या दिवशी तिथे दुखवटा पाळतात. आईनं विचारलं, हे कोण? मी सांगितलं, यांच्या पूर्वजांनी जहाजातून आलेल्या गोऱ्यांना मका लावायला शिकवला, त्यांच्याबरोबर १६२१ साली तीन दिवस जेवले, स्वतः पाच हरणं मारून आणली. तोच हा सण. पुढे जमीनही गेली आणि माणसंही. आई बराच वेळ तिकडे बघत होती. म्हणाली, "यांना सुतक, त्यांना सण. आणि आपण काय पाळतोय?" मी म्हटलं, चार दिवसांची सुट्टी. तिला ते आवडलं नाही. मलाही नाही, पण खरं होतं तेच.

आता आई प्रवास करत नाही. २०२५ मध्ये पुन्हा तोच योग आला, २७ नोव्हेंबर. ग्रुपवर वहिनीनंच आठवडाभर आधी टाकलं: पहिला गुरुवार आहे, भाऊजी, टर्की शुक्रवारी चालेल ना? आठवडाभर आधी! मी लगेच अंगठा पाठवला. शुक्रवारी एडिसनला तिच्याच ओव्हनमध्ये भाजली, वहिनीनं स्वतः लोणी चोळलं. संध्याकाळी जेवायला बसताना कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. तिथे शनिवारची सकाळ. फोन फिरत फिरत सगळ्यांची तोंडं दाखवून झाली आणि टेबलावरच्या टर्कीसमोर आला. आईला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून ती ओरडूनच बोलते.

"यंदा घरातच भाजलीस ना रे? का पुन्हा मांजराच्या घरी? मी तेव्हाच म्हटलं होतं तुला, मला काही चालत नाही असं नव्हतं म्हणून!"

वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, आई कधी म्हणाल्या होत्या असं?"

मी आईकडे बघितलं. आई कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली, नुसतं कपाळ दिसत होतं, आणि म्हणाली, "बर्फ पडला का गं तुमच्याकडे?"